बॉन्डिंग झालं नाही म्हणजे नेमकं काय झालं नाही?

माझ्या भाचीला मार्चमध्ये मुलगा झाला. सिझर. बाळ चौतिसाव्या आठवड्यातच आलं, वजन १ किलो ७००, त्यामुळे त्याला लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं आणि हिला वरच्या मजल्यावरच्या रूममध्ये. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला वाटलं टाके दुखत असतील. तर म्हणाली, "मावशी, माझं बॉन्डिंग झालंच नाही गं. पहिला तास गेला. खाली काचेतून बघितलं त्याला, मला काहीच वाटलं नाही, दुसऱ्याच कुणाचं बाळ बघतेय असं वाटलं."

मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. अकरावीला केमिकल बॉन्डिंगचा धडा किती वेळा घेतला असेल देव जाणे. त्यामुळे बॉन्डिंग झालं नाही हे वाक्य मी पेपर तपासताना खूप वाचलंय, पण रडत रडत कुणी म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं.

घरी येऊन मी हा शब्द सर्च केला, म्हटलं बघू तरी डॉक्टर लोक याला काय म्हणतात. आणि जी यादी समोर आली ती म्हणजे अक्षरशः भेळ. एक पेपर दाताला चिकटवायच्या रेझिनवर, दुसरा पाण्यातल्या हायड्रोजन बॉन्डवर, तिसरा अमेरिकेतल्या कुठल्याशा उंदरासारख्या प्राण्यावर, चौथा चिपमध्ये केसापेक्षा बारीक तार जोडण्यावर, आणि मग कुठेतरी पाचवा आई आणि बाळावर. (आमच्या शेजारचा मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, त्याला विचारलं तर त्याच्या लेखी बाँड म्हणजे एकच, एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सरकारी नोकरी करायची सक्ती.) शब्द तोच, पण एकाचा अर्थ दुसऱ्याच्या कामाचा नाही. आणि मला वाटतं गडबड तिथेच झालीये. आईच्या मायेला हा शब्द लावला तेव्हा त्याचा अर्थ कुणी नीट ठरवला नाही, फक्त त्याचा सायन्सवाला रुबाब घेतला, आणि सोबत गोंदाचं चित्र फुकट आलं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, प्रसूतीच्या वॉर्डातून हा शब्द काढून टाका. आपल्याकडे त्यापेक्षा खरा शब्द आहे, त्याच्याकडे येतेच.

आधी माझ्या विषयाचं सांगते. लोकांना वाटतं केमिस्ट्रीतला बॉन्ड म्हणजे पक्का जोड, एकदा झाला की झाला. तसे आहेत की. १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईसने इलेक्ट्रॉनची जोडी दोन अणू वाटून घेतात असं मांडलं, ते आपण अजून ठिपके काढून पोरांना शिकवतो. पण पाणी घ्या. पाण्याच्या एका रेणूतला ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला जोड तोडायला मोलला (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येला) साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि एका रेणूने शेजारच्या रेणूला धरलेलं असतं तो हायड्रोजन बॉन्ड, त्याला वीसेक. शिवाय तो टिकतो किती, तर सेकंदाचा लाख कोटीवा भाग वगैरे. तुटतो, परत जुळतो, दुसऱ्याशी जुळतो. तरी त्याला बॉन्डच म्हणतात. मग बॉन्ड म्हणायचं तरी कशाला, यावर या लोकांचेही वाद झाले, आणि शेवटी २०११ मध्ये आयुपॅक या त्यांच्या जागतिक संस्थेने हायड्रोजन बॉन्डची व्याख्या नव्याने लिहिली. त्या कामाचे प्रमुख होते बंगळुरूच्या आयआयएससीचे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन. म्हणजे बघा, सगळ्यांना माहीत असलेल्या शब्दाचीसुद्धा ही मंडळी परत बसून व्याख्या करतात, काय पुरावा असेल तर हा शब्द वापरायचा हे लिहून काढतात. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे.

आता पाण्याच्या या जुळत्या-तुटत्या बॉन्डवरून आई-बाळाबद्दल काहीतरी छान छान लिहायचा मोह मलाही होतोय. लिहिणार नाही. उपमांनीच ही वेळ आणलीये.

दाताचं बॉन्डिंग मी स्वतः करून घेतलंय, पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तिथे हा शब्द वेगळंच काम करतो. १९५५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल ब्युनोकोर नावाच्या डेंटिस्टने एक साधी गोष्ट केली. कारखान्यात पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात हे त्याला माहीत होतं, ते त्याने दाताच्या वरच्या आवरणावर अर्धा मिनिट लावून बघितलं. ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक बारीक खड्डे पडतात, त्यात पातळ रेझिन शिरतं आणि कडक झालं की अडकून बसतं. त्यात केमिकल बॉन्ड असा फारसा नाही, ती पकड आहे, भिंतीला टाचे मारल्यावर गिलावा धरतो तशी. आणि इथे घड्याळाला खरंच महत्त्व असतं. ॲसिड लावलं, धुतलं, वाळवलं की त्यावर थुंकीचा थेंबसुद्धा पडता कामा नये, लगेच बॉन्डिंग लावायचं, निळी लाईट मारायची, काही सेकंदात काम तमाम. वेळ चुकली की भरलेला दात महिन्यात निघून हातात येतो.

माझ्या भाचीच्या डोक्यात जे होतं ते हेच होतं. तिला कुणी दातांबद्दल सांगितलं नव्हतं, पण ॲपवर, रील्समध्ये, हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात तिने जे नऊ महिने वाचलं त्यातलं चित्र हेच, की जन्मानंतर एक खिडकी उघडते, तेवढ्यात त्वचेला त्वचा लागली की चिकटलं, आणि खिडकी बंद झाली की गेलं.

हे आलं कुठून? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या टीमने एक अभ्यास छापला. एकूण २८ आया, सगळ्या पहिलटकरणी, बहुतेक गरीब घरच्या. १४ जणींना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे वागवलं, म्हणजे जन्माच्या वेळी बाळाचं ओझरतं दर्शन, मग काही तासांनी ओळखीपुरतं, आणि नंतर दर चार तासांनी दूध पाजायला वीसेक मिनिटं. उरलेल्या १४ जणींना पहिल्या तीन तासांत एक तास बाळ उघडं अंगाशी दिलं आणि पुढचे तीन दिवस रोज पाच तास जास्तीचे, सगळे मिळून १६ तास. महिन्याभराने तपासणीला आल्यावर दुसऱ्या गटातल्या आया बाळ रडलं की जास्त चटकन उठत होत्या, जास्त डोळ्यात डोळे घालून बघत होत्या. बस, एवढंच. चौदा विरुद्ध चौदा. पण त्यावर चार वर्षांनी पुस्तक आलं, आणि बॉन्डिंग हा शब्द प्रयोगशाळेतून जो निघाला तो थेट जगभरच्या आयांच्या उशाशी जाऊन बसला.

यातली दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते. पहिल्या काही मिनिटांची ही कल्पना पुष्कळ अंशी शेळ्यांवरून आली होती. साठच्या दशकात ड्यूक युनिव्हर्सिटीत पीटर क्लॉफर याने दाखवलं होतं की शेळीला व्यायल्यावर पाचेक मिनिटं करडू चाटू दिलं तर नंतर थोडा वेळ दूर नेलं तरी ती त्याला घेते, आणि ते चाटू न देता लगेच नेलं तर तासाभराने बहुतेक शेळ्या त्याला शिंगाने ढकलतात. शेळ्या पाळणाऱ्या कुठल्याही माणसाला हे सांगायला ड्यूक युनिव्हर्सिटी लागत नाही. पण शेळीचा प्रश्न वेगळा आहे हो. कळपात एकाच वेळी दहा शेळ्या व्यालेल्या असतात, पिल्लं जन्मल्यावर थोड्याच वेळात उठून पळायला लागतात, त्यामुळे आपलं कुठलं हे वासावरून झटपट पक्कं करणं तिला भाग असतं, नाहीतर दूध भलत्याच्या पोटात जाईल. माणसाचं बाळ पळून जात नाही. ते महिनोन्महिने जिथे ठेवलं तिथे असतं, रडत. आईला घाई करायचं कारणच नाही.

पुढे या संशोधनावर भरपूर टीका झाली, नमुना लहान, निकाल दुसऱ्यांना नीट मिळाले नाहीत वगैरे, आणि १९९२ मध्ये डायन आयर यांनी तर अख्खं पुस्तक लिहून ही कल्पना खोडून काढली. स्वतः क्लाउस आणि केनेल यांनीही १९८२ च्या आवृत्तीत सूर खाली आणला होता, पहिला तास हुकला तरी आईबाप बाळाशी जोडले जातातच हे मान्य केलं होतं. ती दुरुस्ती मात्र कुणाच्या उशाशी पोचली नाही.

आणि जे पोचायला हवं होतं ते हे. १९८० मध्ये लंडनमध्ये के. रॉबसन आणि आर. कुमार या संशोधकांनी आयांना अगदी साधं विचारलं, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं, काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या आयांमध्येही सुमारे २५ टक्के. ज्यांच्या कळा फार त्रासाच्या गेल्या किंवा ज्यांना वेदना कमी करायला पेथिडीनचा डोस जास्त दिला होता त्यांच्यात हे जास्त. आणि बहुतेकींना आठवड्याच्या आत माया वाटायला लागली होती. दहातल्या चार! म्हणजे लेबर रूमच्या बाहेर पेढे वाटले जात असतात तेव्हा आत दहातल्या चारजणी मनात म्हणत असतात की हे असं का वाटतंय मला, आणि कुणाला बोलत नाहीत. भाचीला मी हा आकडा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा उठून बसली. त्या दिवशीच्या माझ्या डब्यापेक्षा त्या आकड्याने जास्त काम केलं.

आता कुणीतरी म्हणेल, अहो ताई, पण ऑक्सिटोसिन? ते तर सायन्स आहे. बरोबर, ऑक्सिटोसिन या हॉर्मोनशिवाय ही चर्चा हल्ली पुढेच जात नाही. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं हे दिसलं, म्हणून आजही बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला तेच इंजेक्शन देतात, आणि त्याने किती बायकांचे जीव वाचलेत याची गणतीच नाही. मला विचाराल तर या औषधाची खरी थोरवी तिथे. प्रेमाचं हॉर्मोन हे बारसं त्याचं नंतर झालं, आणि ते झालं मुख्यतः प्रेअरी व्होल या अमेरिकन गवताळ रानातल्या छोट्या प्राण्यामुळे, कारण हे नर-मादी जोडी करून राहतात. जोडी जमली हे मोजतात कसं ते ऐका. पिंजऱ्यात एका टोकाला जोडीदार बांधायचा, दुसऱ्या टोकाला परका, मधे आपला प्राणी मोकळा, आणि तीन तासांत तो कुणाला जास्त वेळ चिकटून बसला ते मोजायचं. म्हणजे त्या पेपरमध्ये बॉन्ड लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ असतो इतकी मिनिटं. चांगली पद्धत आहे, माझी तक्रार नाही, पण त्यावरून कुणी माझ्या भाचीला तिच्या पोराबद्दल सांगू नये. बरं, २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्याच संशोधकांनी जनुकात बदल करून ऑक्सिटोसिन ओळखूच न शकणारे व्होल तयार केले, तर त्यांच्याही जोड्या जमल्याच.

आणि ऑक्सिटोसिन आपल्याकडे कुणाला नवीन आहे? गोठ्यात विचारा. वासरू मेलं, म्हैस पान्हा सोडेना, की टोचलं इंजेक्शन. हा गैरवापर इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायलाच बंदी घातली होती, डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली, कारण बाळंतिणींना ते वेळेवर मिळालं पाहिजे. इंजेक्शनने पान्हा फुटतो. त्याने म्हैस गवळ्याच्या प्रेमात पडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मग शब्द कुठला वापरायचा? लळा. आपल्या आज्या जो वापरायच्या तोच. आणि मी हे भाषेच्या अभिमानातून म्हणत नाहीये, मला टेबलाला मेज म्हणायची अजिबात हौस नाही. मी म्हणतेय कारण या शब्दाचं व्याकरणच जास्त बरोबर आहे. बॉन्डिंग करायचं असतं, करावं लागतं, नाही केलं तर राहून जातं, आणि मग दोष आईचा. लळा लागतो. भूक लागते, झोप लागते, सवय लागते तसा. आणि लागायला काय लागतं? वेळ. शिवाय दुसरी गंमत बघा, आपण म्हणतो त्या पोरानं फार लळा लावला. लावणारं कोण, तर पोर! म्हणजे हे काम अर्धंअधिक बाळच करतं, रडून, बोट पकडून, रात्री तीन वाजता जागं करून. यशोदेला कुठला पहिला तास मिळाला होता? दत्तक घेणाऱ्यांना, आजीला, मावशीला, बापाला कुठे मिळतो?

आता माझ्या विरुद्ध बाजूचं खरं ते सांगितलं पाहिजे. हा शब्द आला नसता तर हॉस्पिटलवाल्यांनी बाळं नर्सरीत रांगेने ठेवायची पद्धत सोडली असती का? मला नाही वाटत. बाळ आईच्याच खोलीत ठेवायचं, बापाला आत येऊ द्यायचं, हे अमेरिकेत त्या २८ आयांच्या अभ्यासाच्या जोरावर बरंच पुढे गेलं. कच्च्या पुराव्यावर चांगला बदल झाला. पण आज आपल्याकडे त्यासाठी पक्का पुरावा आहे, तर मग कच्चा कशाला मिरवायचा? १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या सरकारी इस्पितळात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, तीच कांगारू मदर केअर. २०२१ मध्ये आपल्या दिल्लीच्या सफदरजंगसकट पाच देशांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, ३,२११ बाळं, वजन एक किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. ट्रायल मधेच थांबवली, कारण फायदा इतका स्पष्ट होता की दुसऱ्या गटाला वंचित ठेवणं बरोबर नव्हतं.

हे वाचल्यावर मला खरा राग आला तो इथे. माझ्या भाचीचं बाळ नेमकं याच वजनातलं. तिला बॉन्डिंगवरचं गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं, आणि एनआयसीयूत जायला मिळालं दिवसातून दोनदा, तेही काचेबाहेरून. सहा दिवस. हात लावू का विचारलं तर इन्फेक्शन होईल म्हणाले. म्हणजे जे सिद्ध झालंय ते करू द्यायचं नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही त्याची धास्ती घालायची! बाळ आईजवळ द्या ते त्याचं अंग गरम राहावं, चीक पोटात जावा, जीव वाचावा म्हणून. प्रेमाचा विमा म्हणून नको. मग ज्या आईला शुद्ध नव्हती किंवा जिचं बाळ व्हेंटिलेटरवर होतं, तिला आपण नापास झालो असं वाटणार नाही. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं, म्हणजे अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत.

एक मात्र आहे, लागेल हळूहळू लळा म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. दोन-तीन आठवडे गेले तरी झोप नाही, सारखं रडू, बाळाकडे बघवत नाही, स्वतःला किंवा त्याला काहीतरी करावं असे विचार, तर तो आजार आहे, त्याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणतात, त्यावर उपचार आहेत आणि उशीर न करता डॉक्टरकडे जायचं. त्यालाही बॉन्डिंगचा प्रॉब्लेम म्हणून गुंडाळून ठेवलेलं मी पाहिलंय, आणि मग नातेवाईक म्हणतात की बाळाला जरा जवळ घे, होईल बॉन्डिंग. न्यूमोनियाला वाफारा.

आणि एकदा का वेळ लागतो हे मान्य केलं की प्रश्न लेबर रूममधून बाहेर येतो, तो येतो सुट्टीवर. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरी करणाऱ्या आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीत दत्तक आईला १२ आठवडे, आणि तेही बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच, असं लिहिलं. आता दत्तकाचे कागद तीन महिन्यांत कुणाचे होतात? आणि वर्षाचं पोर घरी आलं तर त्याला लळा लागायला, लावायला, कमी वेळ लागतो का जास्त? हे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण मला तिथे तोच गोंद दिसतो, ताजा आहे तोवर चिकटेल, नंतर कशाला रजा. बापाचं तर बोलायलाच नको. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस, खासगीत कायद्याने काही नाही. बॉन्डिंग पहिल्या तासाचंच काम असेल तर १५ दिवस चैन म्हणायची, आणि लळ्याला महिने लागत असतील तर १५ दिवसांत बापाला बाळाची झबली कुठल्या कप्प्यात आहेत हेसुद्धा कळत नाही.

भाचीचं पोर आता सात महिन्यांचं आहे. परवा फोन आला, मागे हा भोकाड पसरून रडतोय, आणि ही म्हणतेय, "मावशी, दुपारी येतेस का गं, दोन तास घे याला, मला फक्त झोपायचंय." गेले. मला त्याच्यापाशी ठेवून ती आत जाऊन आडवी झाली, आणि वीस मिनिटांत उठून बाहेर आली. म्हटलं काय झालं, झोप की. तर म्हणे, "एवढा वेळ याचा आवाज नाही आला, म्हटलं बघावं."